भटकं वेगळं, बेघर वेगळं

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या टोळक्यात २०२५ च्या ऑगस्टपासून भटक्या कुत्र्यांवरून दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो, सगळी कुत्री उचला आणि लांब आंबा घाटात नेऊन सोडा. दुसरा पक्ष खिशात बिस्किटांचे पुडे घेऊन येतो आणि पहिल्याला निर्दयी ठरवतो. पहिल्या पक्षातल्या एकांच्या नातवाला कुत्रं चावलंय. दुसऱ्या पक्षातल्या बाईंनी गाडीखाली पाय गेलेलं कुत्रं तीन महिने गॅलरीत सांभाळलंय. दोघांचं दुखणं खरं आहे, आणि दोघंही एकमेकांना ऐकू येणार नाही एवढ्या मोठ्यानं बोलतात. मी मधे चालते. नऊ वर्षं टाकून दिलेल्या कुत्र्या-मांजरांना घरं बघून देण्याचं काम करते आहे, म्हणून दोन्ही पक्ष मला आपलं मानतात आणि माझं म्हणणं ऐकलं की दोघंही नाराज होतात.

ते म्हणणं असं. रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं बेघर नसतं. गल्लीत जन्मलेलं, गल्लीतच वाढलेलं, चार दारांवर भाकरी मिळणारं कुत्रं भटकं असेल, पण त्याला त्याची जागा ठाऊक असते. बेघर ते, ज्याला कुणीतरी एकदा घरात घेतलं आणि मग काढलं. गळ्यावर पट्ट्याचा केस गेलेला गोल असतो, ते. किंवा घरातल्या मादीची नसबंदी टाळली म्हणून झालेली आणि डोळे उघडायच्या आत मंडईत नेऊन ठेवलेली पिल्लं. भटक्यांसाठी नसबंदी आणि लस हा उपाय आहे, तो महापालिकेचा. बेघरांसाठी घर हाच उपाय आहे, आणि तो आपला, कारण त्यांना बेघर आपणच करतो. सगळी भांडणं भटक्यांवरून चालतात. बेघर करणारा मात्र त्या भांडणात कधी सापडत नाही. बहुतेक वेळा तो दोन्हींपैकी एका पक्षात उभा असतो.

त्या ऑगस्टची गंमत कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये. जुलैअखेर नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण, जिला सगळे माधुरी म्हणत, कोर्टाच्या आदेशानं जामनगरला गेली. ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत माणसं चालत आली. म्हाताऱ्या बायका रस्त्याकडेला उभ्या राहून रडत होत्या, मी पाहिलंय. हत्तीण कुठं असावी हा वाद इथं काढत नाही. त्यानंतर आठ दिवसांनी, ११ तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली आणि परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला, आणि मोर्चाला गेलेल्यांपैकीच कित्येकांनी टाळ्या वाजवल्या. हे ढोंग होतं का? मला नाही वाटत. माधुरीला नाव होतं, माहूत होता, पत्ता होता. ती कुणाची तरी होती. ज्याला पत्ता आहे त्याच्यासाठी माणूस चालतो, ज्याला नाही त्याच्यासाठी तो पिंजरा मागतो.

२२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो आदेश बदलला. नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथंच सोडा; रेबीजची लागण झालेली किंवा अंगावर येणारी सोडू नका. पुढं ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री हटवा आणि परत तिथं सोडू नका, असाही आदेश आला. या सगळ्यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पण २२ ऑगस्टच्या आदेशातल्या एका मुद्द्यावर मी आमच्या टोळक्यात एकालाही बोलताना ऐकलं नाही. ज्या प्राणिप्रेमींना रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि ते कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची. या सगळ्या गदारोळात जबाबदारी एखाद्या घरावर टाकणारा मुद्दा हाच.

हे भांडण काही आजचं नाही. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायची मोहीम काढली, मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस लावलं. बक्षिसाच्या लोभानं लोक घरात शिरून पाळीव कुत्रीही ओढायला लागले. पारशी समाज उठला, दुकानं बंद पडली, दंगल झाली. दोनच वर्षांनी, १८३४ ला, जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकारानं मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं. म्हणजे मारून टाका, मारू नका आणि कोंडून ठेवा, हे तिन्ही उपाय या प्रांतानं दोनशे वर्षांपूर्वीच करून पाहिलेत. आज आपण तेच तीन पत्ते पिसून पुन्हा वाटतोय. मुंबईचा रस्ता त्यातल्या कशानं मोकळा झाला? रस्त्यावर कुत्रं येतं कुठून, हे त्या दंगलीत कुणी विचारलं नाही, आणि रंकाळ्यावरही कुणी विचारत नाही.

आता समोरच्यांचं बरोबर आहे ते मान्य करते, कारण ते खूपच बरोबर आहे. कुत्रं चावतं ते चारचाकीतून हिंडणाऱ्याला नाही. गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून सायकलवर येणाऱ्याला, पहाटे दूध घालणाऱ्याला, कचरा वेचणाऱ्या बाईला आणि तिच्या कडेवरच्या पोराला चावतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आपल्या देशात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आजही जखमेवर मिरचीची पूड नाहीतर चुना दाबून घरी बसणारे भेटतात. त्यांना हात जोडून सांगावं लागतं, बाबांनो, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा शहरात कुणी तिसऱ्या मजल्यावरून खाली भाताचं ताट पाठवतो आणि स्वतःचं दार लावून घेतो, तेव्हा खालच्या माणसाला संताप येणारच. नसबंदी नाही, लस नाही, नुसतं खाऊ घालणं ही भूतदया मला कळत नाही. त्याचं बिल दुसऱ्यानं भरायचं असतं.

पण म्हणून उचलून आंबा घाटात? तिथं माणसं राहत नाहीत का? उकिरडा जागच्या जागी राहिला की रिकाम्या गल्लीत शेजारच्या गल्लीतली कुत्री येतात, आणि ती लस न घेतलेली, बिनओळखीची, हद्दीसाठी भांडणारी असतात. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच मारलेली, लस टोचलेली जुनी कुत्री त्यांना अडवत होती, ती आपण घाटात सोडून आलेलो असतो. एखाद्या भागातल्या शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. उचलापाचल करत राहिलं तर तो आकडा कधी गाठायचा? आणि निवारा म्हणाल, तर २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून जास्त भटकी कुत्री मोजली गेली. तेवढ्यांना रोज दोन वेळा घालायचा भात कुणाच्या कोठारात आहे?

इथं मला उलटा प्रश्न विचारला जातो, आणि तो बिनतोड वाटतो. दीड कोटी कुत्री आणि तुम्ही वर्षाला तीस-चाळीस पिल्लांना घरं देणार, त्यानं काय होतं? रस्ता रिकामा होणार नाही, हे कबूल. पण दत्तक देण्यानं रस्ता रिकामा व्हावा, असा माझा दावाच नाही. प्रौढ, नसबंदी झालेलं, गल्लीत रमलेलं कुत्रं तर मी कुणाला देतच नाही. त्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोंडणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. माझं लक्ष नळावर आहे. कुत्री त्रेसष्ट दिवसांत विते, वर्षातून दोनदा माजावर येते. एका वेताची पिल्लं तीन महिन्यांची व्हायच्या आत घरांत गेली आणि त्यांच्या आईची नसबंदी झाली, की त्या कोपऱ्यावरचा नळ बंद होतो. आणि गावठी पिल्लू घेतलेलं प्रत्येक घर विकतच्या पिल्लाचं गिऱ्हाईक राहत नाही. हा दुसरा नळ, आणि माझ्या मते जास्त गळणारा.

या दुसऱ्या नळाविषयी थोडं सविस्तर, कारण रस्त्यावर भांडणाऱ्यांना तो दिसत नाही. २०१७ पासून नियम आहे की कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यानं नोंदणी करावी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये. तरीही महिन्याभराची, आईचं दूधही न तुटलेली पिल्लं बुट्टीत घालून विकताना आपण सगळ्यांनीच पाहिलीत. हस्की घेतात लोक, कोल्हापूरच्या मे महिन्यात! बर्फात राहणारं जनावर फरशीवर पोट टेकून धापा टाकतं, केस गळतात, डॉक्टरांचं बिल वाढतं आणि दीड वर्षात एका रात्री हायवेला गाडीचं दार उघडतं. असं जनावर रस्त्यावर आठवडाभरही टिकत नाही. त्याला गाडी कळत नाही, गल्लीतल्या कुत्र्यांची भाषा कळत नाही. ते येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे धावतं, कारण त्यातल्या एका गाडीत त्याचा माणूस असतो.

कायदा काय म्हणतो? १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा असं टाकून देणं गुन्हाच मानतो. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. मिसळीच्या प्लेटला याहून जास्त लागतात. आता याच गावातलं एक जुनं उदाहरण घ्या. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. तो रुपया त्या वेळच्या शेतमजुराला चांगलाच जाणवत असणार. शिक्षणाचं महत्त्व सांगणारी भाषणं तेव्हाही होत होतीच, पण महाराजांनी भाषणांवर विसंबून काम सोडलं नाही. शाळा काढल्या आणि दंडही लावला. प्राण्यांच्या बाबतीत आपण उलटं करतो. प्रेमाची भाषणं भरपूर, दंड दहा रुपये आणि पाळीव कुत्र्याची नोंदणी कुणी करायला गेलंच तर शेजारी हसतात.

(कुणी गैरसमज करून घेऊ नये. शाहू महाराजांना प्राणिमित्र ठरवायचा माझा डाव नाही. ते पट्टीचे शिकारी होते, शिकारीसाठी चित्ते पाळत. गावातलं साठमारीचं, म्हणजे हत्ती चिडवून खेळायचं मैदान काही करुणेचं स्मारक नव्हे.)

पण त्यांची आठवण निघाली ती मुळात एका शब्दामुळं. दत्तक. हा शब्द आम्ही कुत्र्यांच्या कामात सहज वापरतो आणि त्याचं वजन विसरतो. कोल्हापूरला ते विसरणं शोभत नाही. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव वयाच्या दहाव्या वर्षात, १७ मार्च १८८४ ला, या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. त्याआधी शेजारचं सातारा १८४८ ला खालसा झालं, ते दत्तक मंजूर न केल्यामुळं. आपल्याकडं दत्तक म्हणजे कुणाची कीव येऊन केलेलं काम नव्हतं. मूल पाहिलं जाई, घराणं पाहिलं जाई, साक्षीदार बसत, कागद होत, नाव बदले, आणि मग मागं फिरणं नसे. दत्तक घेतलेलं पोर तापट निघालं म्हणून कुणी आठ दिवसांनी जन्मदात्याच्या दारात आणून सोडत नसे. आणि आम्ही? फोटो टाकायचा, खाली 'कृपया घर द्या' लिहायचं, पहिला जो येईल त्याच्या हातात पिल्लू द्यायचं आणि टाळ्या घ्यायच्या. प्राणिप्रेमींच्या पक्षाला माझं बोलणं इथं झोंबतं. सुटकेचा आपल्याला एवढा मोह असतो, की सुटका करून कुठं नेतोय ते बघायचं राहून जातं.

हे मी दुसऱ्यांना शिकवत नाहीये. पाच वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कपिलतीर्थ मंडईच्या मागं साबणाच्या खोक्यात तीन पिल्लं सापडली. भाजीवाल्या मावशींनी वर पोतं टाकून ठेवलं होतं. "बाई, न्या की, रातभर वरडत्यात," म्हणाल्या. घरी आणली आणि तिसऱ्या दिवशी पार्वो लागला, पिल्लांचा जीवघेणा रोग. ज्यानं तो वास एकदा घेतलाय त्याला सांगायला नको, इतरांना सांगून उपयोग नाही. रक्ताची हगवण, सलाईनची सुई शिरेल एवढीही शीर सापडेना. दोन गेली. तिसरी तांबूस, चारी पाय पांढरे, अंगात किडा आणि सतत तणतण, म्हणून तिचं नाव लवंगी पडलं. ती जगली याचाच मला एवढा आनंद झाला होता, की शिरोलीकडचं एक कुटुंब गाडी घेऊन आलं आणि 'आमच्या शेतावर मोकळी राहील' म्हणालं, तेव्हा मी एकही प्रश्न विचारला नाही. थकलेही होते. खरं सांगायचं तर सुटले असं वाटलं.

आठ महिन्यांनी त्या बाजूला काही कामानं गेले, म्हणून न सांगता डोकावले. उसाच्या कडेला, दोन हात दोरीला लवंगी बांधलेली. दोरी मानेत रुतून जखम झालेली, जखमेत आळ्या, आणि पोट दिसायला लागलेलं. मालक माणूस म्हणून वाईट नव्हता. चहा विचारला. म्हणाला, "राखणीला आणल्याली व्हती, दुसरं काय करायचं असतंय?" तो खोटं बोलला नव्हता. मी विचारलंच नव्हतं. तिला परत आणली. पाच पिल्लं झाली. ती माझ्या आळसाची पिल्लं होती. पाचांना घरं शोधता शोधता वर्ष गेलं.

तेव्हापासून माझ्याकडं एक दोनशे पानी वही आहे. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? घरात नको म्हणणारं कोण आहे? गणपतीला, लग्नाला गावी गेलात तर कुठं ठेवणार? नसबंदीचा खर्च करायची तयारी आहे का? वर्षाला रेबीजची लस चुकली तर मी फोन करीन, चालेल का? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: याआधी कुत्रं होतं का, आणि त्याचं काय झालं? या प्रश्नाला निम्मी माणसं गडबडतात. "दिलं एकांना," म्हणतात. कुणाला, ते आठवत नसतं. मग मी आठ दिवसांनी त्यांच्या घरी जाते, चपला कुठं असतात आणि पाण्याचं भांडं कुठं ठेवणार ते बघते, आधारची झेरॉक्स घेते. पिल्लू फुकट देणारी बाई एवढ्या चौकशा करते म्हणून लोक चिडतात. "सोयरीक जमवताय काय?" असं एकांनी विचारलं. होय, म्हटलं, बारा-चौदा वर्षांची आहे.

मादीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. दहा फोन आले तर आठ जणांना नर हवा असतो. "मादी नको बाई, घाण करती, पिल्लं घालती." नसबंदी केली की यातलं काहीच उरत नाही, हे सांगून माझं तोंड दुखतं. माणसांची आणि जनावरांची तुलना मला करायची नाही. पण २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या, आणि फोनवरचा तो 'नको'चा सूर मला कुठंतरी ऐकल्यासारखा वाटतो. रस्त्यावर टाकलेल्या खोक्यात माद्या जास्त का असतात, याचं उत्तरही त्या फोनमध्येच आहे.

राहिला तो नेहमीचा आक्षेप: माणसांची पोरं उपाशी आहेत आणि तुम्हाला कुत्र्यांचं पडलंय. हा आक्षेप घेणारे बहुधा कुणाच्याच पोरांसाठी काही करत नसतात, असं म्हणून मी पूर्वी तोंड बंद करायची. ते उत्तर स्वस्त होतं. आता २०१९ च्या पुराची आठवण देते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी त्रेचाळीस फूट, पाणी पंचावन्नच्या वर गेलं होतं. चिखली-आंबेवाडीकडची माणसं बोटीत चढायला तयार नव्हती, गोठ्यात म्हशी होत्या म्हणून. ती काही माणसांचा जीव कमी लेखणारी माणसं नव्हती. त्यांच्या हिशेबात म्हैस घरात मोजली होती, एवढंच. त्याच पुरात साखळीला बांधलेली कुत्री मात्र कित्येक घरांत तशीच मागं राहिली. घरात कुणाला मोजायचं हे माणूसच ठरवतो, आणि एकाला मोजलं म्हणून दुसऱ्याचा घास कमी होत नाही, हे या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

मग मागायचं काय? महापालिकेकडं नसबंदी आणि लस, वर्षभर, मोजून. सणापुरती मोहीम नको. पाळीव कुत्र्याची सक्तीनं नोंदणी, आणि नसबंदी न केलेल्या कुत्र्याला जास्त फी. टाकून देणाऱ्याला दंड असा की तो भरताना घाम फुटावा. खाऊ घालणाऱ्यांनी ज्याला घालतो त्याच्या कानाला खाच आहे का ते बघावं, नसेल तर बिस्किटाच्या आधी ते काम करावं. आणि आमच्यासारख्यांनी फोटो कमी टाकावेत, घरं जास्त बघावीत. हे मी टोळक्यात बोलले तेव्हा आंबा घाटवाले म्हणाले, नोंदणी कोण करणार? बिस्किटवाल्या बाई म्हणाल्या, एवढे प्रश्न विचारले तर पिल्लू कोण नेणार? दोन्ही पक्षांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

लवंगी आता कसबा बावड्यात असते. तिच्या घरी एक आजी, एक मुलगा आणि त्याची बायको. वहीतल्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं आजींनीच दिली होती, आणि आधीच्या कुत्र्याचं विचारल्यावर त्या आत जाऊन त्याचा पट्टा घेऊन आल्या होत्या. परवा वर्षाची लस झाली का बघायला गेले. फाटकाला हात लावला तशी लवंगी अंगणातून सुसाट आली आणि दात काढून माझ्यावर भुंकायला लागली. "ओळखलं न्हाई की तुमास्नी!" आजी ओशाळून म्हणाल्या आणि तिला आत ओढायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या. फाटकाबाहेरच उभी राहून वहीत तारीख लिहून घेतली.